कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने असोसिएशनची मेंबर व्हावं का?

या वेळचं पत्र बडोद्याच्याच एका सिस्टरचं आहे. थोडं कमी करून देते आहे, बाकी शब्द तिचेच, कंसातले अर्थ माझे.

"ताई नमस्कार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, इथल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत चार वर्षं झाली. यंदा उत्तरायणला (संक्रांतीचा पतंगांचा सण) संध्याकाळी एकाच वेळी दोन पेशंट आले. एकाचा हात मांज्याने कापलेला, रुमाल रक्ताने भिजलेला आणि सोबत आठ-दहा माणसं आरडाओरडा करत. दुसरा अकरा-बारा वर्षांचा मुलगा, धाब्यावरून (गच्चीवरून) पडलेला, बाहेरून काही जखम नाही, एकदम गप्प, झोप येतेय म्हणत होता आणि रिक्षात एकदा उलटी झालेली. मी हातवाल्याला पॅड बांधून दाबून धरायला सांगितलं आणि मुलाला आधी आत घेतलं. तर 'बेन, पहेला आने जुओ ने' (ताई, आधी याला बघा ना) करत त्या माणसांनी मला ढकललं. नंतर आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) पण म्हणाले की जो आधी आला त्याला आधी घ्यायचं, आपल्याकडे असंच करतात. मुलाच्या सीटीत ब्लीड (डोक्यात रक्तस्राव) निघालं, त्याला न्यूरोसर्जनकडे पाठवलं. पण मला कोणी काही बोललं नाही. माझी बॅचमेट आखातात आहे, ती म्हणते असोसिएशनची मेंबर हो, अमेरिकेची इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन आहे तिची पण हो. इन-चार्ज म्हणतात युनियनबाजी इथे चालणार नाही. सासूबाई म्हणतात त्या पैशात आरडी कर. खरंच काही फायदा असतो का हो?"

अगं, फायद्या-तोट्याचं नंतर बोलू, आधी जे त्या संध्याकाळी तुला कोणीतरी सांगायला हवं होतं ते सांगते. तू बरोबर केलंस. शंभर टक्के बरोबर. आणि हे मी तुझं मन राखायला नाही म्हणत, हे लिहिलेलं आहे, छापलेलं आहे, जगातल्या हजारो इमर्जन्सीत रोज वापरलं जातं.

इमर्जन्सी सिव्हिरिटी इंडेक्स, ईएसआय म्हणतात त्याला, पाच लेव्हलचं ट्रायेज आहे, म्हणजे कोणाला आधी बघायचं ते ठरवायची पद्धत. पहिला प्रश्न, हा पेशंट आत्ता जीव वाचवायला काही केलं नाही तर जाईल का? हो असेल तर लेव्हल १. दुसरा प्रश्न, याला थांबवणं धोक्याचं आहे का, म्हणजे हाय रिस्क आहे का, नव्याने गुंगी किंवा भ्रम आहे का, असह्य वेदना आहेत का? हो तर लेव्हल २. त्यानंतर बघायचं की याला किती रिसोर्स, म्हणजे टाके, एक्स-रे अशा गोष्टी, लागतील, एकही नाही तर ५, एक लागला तर ४, दोन किंवा जास्त लागले तर ३, आणि ३ वाल्याचे व्हायटल्स, म्हणजे नाडी, श्वास वगैरे, बघून वाटलं तर २ मध्ये उचलायचं. आता तुझे दोघं यात बसव. उंचावरून पडलेला मुलगा, झोप येतेय, उलटी झालीय, तो दुसऱ्या प्रश्नालाच अडकला, लेव्हल २. हातवाला, दाबल्यावर रक्त थांबतंय, बोटं हलतायत, बोटांना स्पर्श कळतोय, त्याला लागणार टाके, तो एक रिसोर्स, आणि टीटीचं म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन तर यात मोजतच नाहीत, म्हणजे लेव्हल ४. काच-बिच राहिली असेल म्हणून एक्स-रे काढावा लागला तर दोन रिसोर्स होऊन ३. तरीसुद्धा मुलाच्या मागेच. हां, दाबूनही रक्त उडत राहिलं असतं किंवा मांजा हाताऐवजी गळ्यावरून गेला असता, आवाज बदललेला, गळा फुगत चाललेला, तर गोष्ट वेगळी, मग तो पण लगेच आत. पण तू लिहिलंयस ते तसं नव्हतं.

आता बघ, तू हेच केलंस, फक्त तुझ्याकडे त्याला नाव नव्हतं. तू म्हणालीस "मला वाटलं मुलगा जास्त सिरियस आहे", आणि आरएमओ म्हणाले "आपल्याकडे असंच करतात". "मला वाटलं" हे "आपल्याकडे असंच करतात" च्या पुढे कधीच टिकत नाही, वाटणारी सिस्टर कितीही बरोबर असली तरी. पण "सर, ईएसआयने हा २ होता आणि तो ४" असं म्हटलं की बोलणं तुझ्या-त्यांच्या मधलं राहत नाही, कागदावर येतं. माझ्या मते असोसिएशनचा खरा फायदा हाच आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. ज्या नर्सने आयुष्यभर एकच हॉस्पिटल बघितलंय तिला त्या हॉस्पिटलचं चूक कुठलं आणि बरोबर कुठलं हे कळायला काही साधनच नसतं गं, कितीही हुशार असली तरी. ते साधन बाहेरून येतं, आपल्यासारखंच काम दुसरीकडे करणाऱ्यांकडून.

तो ईएसआय दोन इमर्जन्सी डॉक्टरांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी बनवायला घेतला होता, पण २०१९ पासून तो सांभाळते कोण, तर तुझी बॅचमेट म्हणते तीच इमर्जन्सी नर्सेस असोसिएशन, ईएनए. नर्सेसची संस्था! मला याचं फार कौतुक वाटतं. १९७० साली सुरू झाली ती. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या अनिता डॉर आणि कॅलिफोर्नियातल्या ज्युडिथ केलेहर, दोघी आपापल्या बाजूला इमर्जन्सीतल्या नर्सेसना गोळा करत होत्या, मग त्यांनी एकत्र येऊन एकच संघटना केली. त्या काळात तिथेसुद्धा कॅज्युअल्टीत ज्या वॉर्डातली मिळेल ती नर्स आणून उभी करायचे, वेगळं शिक्षण वगैरे काही नाही, आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी आहे तसंच. आणि तुझ्या कॅज्युअल्टीत ती लाल क्रॅश कार्ट आहे ना, जिचा सील तू दर शिफ्टला चेक करतेस, तशी कार्ट अगदी सुरुवातीला ज्यांनी तयार केली त्यांत या अनिता डॉर होत्या. कोड लागल्यावर, म्हणजे पेशंटचं हृदय बंद पडल्यावर, एक जण श्वास द्यायची अॅम्ब्यू बॅग शोधतोय, एक जण अॅड्रिनॅलिनसाठी कपाट उघडतोय, हे त्यांना बघवत नव्हतं म्हणून जे लागतं ते सगळं एका गाड्यावर आणलं. एका नर्सने विचार केला आणि तो सगळ्यांपर्यंत पोचला, कारण पोचवायला माणसं जोडलेली होती.

आता तुझ्या इन-चार्जच्या युनियनबाजीबद्दल. तीन गोष्टींची गल्लत होते आणि ती फार जणांची होते. गुजरात नर्सिंग कौन्सिल, तिथे तुझं रजिस्ट्रेशन आहे, ते कायद्याने लागतं, त्याशिवाय तू ड्युटीच करू शकत नाहीस. युनियन म्हणजे पगार-पाळ्यांसाठी मालकाशी बोलणी करणारी संघटना, तो तुझा हक्क आहे पण तो वेगळा विषय. आणि प्रोफेशनल असोसिएशन म्हणजे त्या पेशाची संस्था, शिक्षण, जर्नल, कॉन्फरन्स, कामाचे निकष, सरकारपुढे म्हणणं मांडणं. डॉक्टर लोक आयएमएचे, म्हणजे इंडियन मेडिकल असोसिएशनचे, मेंबर असतात, त्यांना कोणी युनियनबाजी म्हणत नाही, मग सिस्टरने टीएनएआयचं, म्हणजे नर्सेसच्या असोसिएशनचं, कार्ड काढलं की कपाळाला आठ्या का पडतात? इन-चार्जना शांतपणे हेच सांग, भांडू नकोस, बऱ्याचदा त्या स्वतःच मेंबर असतात आणि विसरून गेलेल्या असतात.

आपल्याकडची जुनी आणि मोठी संस्था म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, टीएनएआय. मूळ १९०८ चं. ऑफिस दिल्लीला, राज्याराज्यात शाखा आहेत, गुजरातची पण आहे. द नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया हे त्यांचंच, १९१० पासून चालू आहे. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसमध्ये भारताच्या नर्सेसकडून टीएनएआयच बसते. रजिस्टर्ड नर्सला लाइफ मेंबरशिप मिळते, म्हणजे एकदाच पैसे भरायचे, दर वर्षी नाही, हे सासूबाईंना पहिलं सांग.

आणि असोसिएशन नुसतं कार्ड आणि केक कापण्यापुरती नसते याचा पुरावा हवा असेल तर हा घे. प्रायव्हेट हॉस्पिटलमधल्या नर्सेसचा पगार आणि हालत यावर टीएनएआय सुप्रीम कोर्टात गेली होती. २०१६ च्या जानेवारीत कोर्टाने केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने काय म्हटलं माहितीये? २०० पेक्षा जास्त बेडच्या हॉस्पिटलमध्ये पगार राज्य सरकारच्या त्याच ग्रेडच्या नर्सइतका हवा, १०० ते २०० बेडला १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, ५० ते १०० बेडला २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, आणि ५० च्या खाली असलं तरी महिन्याला २०,००० च्या खाली कुणालाही नाही. सुट्ट्या, कामाचे तास, मेडिकल, येण्याजाण्याची सोय, हे पण सरकारी नर्ससारखं. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली आहे आणि ती कुठे किती झाली हे तुझ्या पगाराच्या स्लिपवर तुला दिसतंच, मला ते अजिबात बरं वाटत नाही. पण आज कोणी नर्स हा आकडा घेऊन बोलू शकते तो आकडा आला कुठून? एकटी-दुकटी सिस्टर सुप्रीम कोर्टात जाऊ शकली असती का?

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते "ढकललं" हा शब्द, आणि तू तो एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तसं पुढे जायचं नाही. गुजरातमध्ये २०१२ पासून कायदा आहे, दवाखान्यातल्या माणसांवर हात टाकणं आणि मालमत्तेची तोडफोड यासाठीचा, आणि त्यात डॉक्टरांबरोबर नर्सेस पण येतात. तक्रार करायची की नाही हा निर्णय हॉस्पिटल बरोबर बसून घ्या, पण इन्सिडेंट रिपोर्ट तर त्याच शिफ्टला लिहायचा, वेळ घालून, कोण हजर होतं ते घालून, सीसीटीव्ही जपून ठेवा असं त्यात लिहून. न लिहिलेली गोष्ट झालेलीच नसते. अशा वेळी असोसिएशनमधल्या एखाद्या सीनियरला फोन करता येतो, की मॅडम असं झालंय, काय लिहू, आणि तो फोन रात्री साडेअकराला पण उचलला जातो, हे मी बघितलंय.

नातेवाइकांच्या बाबतीत अजून एक सांगते, कारण आपल्याकडे एक पेशंट म्हणजे अख्खी पोळ येते (बाहेरच्यांना सांगते, बडोद्यात पोळ म्हणजे जुन्या गावातली गल्ली). ईएनएने १९९३ मध्येच भूमिका घेतली होती की सीपीआर चालू असताना सुद्धा घरच्यांना जवळ थांबण्याची मुभा असावी, आणि त्यांच्याजवळ स्टाफपैकी एक माणूस फक्त त्यांच्यासाठी असावा. आपल्याकडे माणसं कमी, जागा कमी, जसंच्या तसं नाही जमणार. पण "फक्त त्यांच्यासाठी एक माणूस" हा भाग जमतो. उत्तरायण, नवरात्र, अशा दिवशी दारात एक जण, वॉर्डबॉय असो की रिसेप्शनची मुलगी, जो दर दहा मिनिटांनी गुजरातीत सांगेल की काका, तुमच्या भाईचं रक्त थांबलंय, टाके घालायचेत, एका मुलाच्या डोक्याला मार आहे त्याला आधी घेतलंय, तुमचा नंबर पुढचा. निम्मा आरडाओरडा इथेच बसतो. कळत नाही म्हणून माणसं ओरडतात.

शिकण्याचं बघू. इंडियन नर्सिंग कौन्सिलने सीएनईचे म्हणजे कंटिन्युइंग नर्सिंग एज्युकेशनचे ५ वर्षांत १५० तास असं धरलेलं आहे रजिस्ट्रेशन रिन्यू करण्यासाठी, राज्याराज्यात अंमल वेगवेगळा आहे पण दिशा तीच आहे, आज नाही तर उद्या सगळ्यांना दाखवावे लागणार. असोसिएशनचे कार्यक्रम असतात त्यातून हे तास होतात, फक्त जाण्याआधी विचार की कौन्सिलचे क्रेडिट आहेत का. इमर्जन्सीच्या डॉक्टरांची सोसायटी फॉर इमर्जन्सी मेडिसिन इंडिया आहे, त्यांची दर वर्षी एमकॉन म्हणून कॉन्फरन्स होते, तिथे नर्सेससाठी पण वर्कशॉप ठेवतात, जवळच्या शहरात आली तर सोडू नकोस. ट्रॉमासाठी एटीसीएन म्हणून कोर्स आहे, अॅडव्हान्स्ड ट्रॉमा केअर फॉर नर्सेस, दिल्लीच्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरला होतो. त्याच एम्सचं स्वतःचं लाल-पिवळं-हिरवं ट्रायेज पण आहे, ईएसआयपेक्षा सोपं, आपल्या गर्दीला सूट होणारं. आणि नोकरीतून एक वर्ष काढता आलं तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा इमर्जन्सी अँड डिझास्टर नर्सिंगचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, तो मला तुझ्यासाठी फार योग्य वाटतो, चार वर्षांचा अनुभव आहे आणि डोकं त्या दिशेने चालतं हे पत्रातच दिसतंय.

पण कोर्सेसच्या यादीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ओळखी, आणि वशिल्याच्या नाही म्हणत मी. बडोद्याचंच घे ना. नंदेसरीच्या बाजूच्या हॉस्पिटलमध्ये केमिकल अंगावर पडलेले कामगार येतात, तिथल्या सिस्टरला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल की पावडर असेल तर आधी कोरडीच झटकायची, कपडे काढायचे, मग भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं, अॅसिडवर अल्कली ओतायचा शहाणपणा करायचा नाही, आणि तुझी स्वतःची पीपीई आधी. हायवेच्या बाजूच्या हॉस्पिटलमधली सिस्टर ट्रकखाली आलेला पाय बघून बघून तयार झालेली असते. नवरात्रीत गरब्याच्या ग्राउंडजवळ ज्यांचं हॉस्पिटल आहे त्यांना छातीत दुखणारा पन्नाशीचा माणूस रोज रात्री दिसतो, दहा मिनिटांच्या आत ईसीजी हे त्यांच्या हातात बसलेलं असतं. विश्वामित्रीला पूर आला की साप चावलेले कुठे जास्त जातात, अँटी व्हेनम कुठे शिल्लक आहे, हे ज्यांना माहीत असतं त्यांचा नंबर तुझ्याकडे हवा. आणि सरकारी सयाजी हॉस्पिटल तर आहेच, तिथल्या सिस्टर लोकांनी जे बघितलंय ते आपण प्रायव्हेटवाल्यांनी स्वप्नात पण बघितलेलं नसतं. या सगळ्याजणी एकाच शहरात आहेत, अर्ध्या दांडिया बाजारात एकाच दुकानात भाजी घेतात, आणि एकमेकींना ओळखत नाहीत. महिन्यातून एकदा कुठल्या तरी हॉलमध्ये बसून प्रत्येकीने एक केस सांगितली, पेशंटचं नाव न घेता, तरी दोन तासांत जे शिकून होतं ते कुठल्या पुस्तकात नाही.

अजून एक, मनाचं. त्या मुलाचं ब्लीड निघालं, तू त्याला पाठवलंस, पुढे काय झालं कळलं का? नसेल कळलं. कॅज्युअल्टीत हेच होतं, पेशंट आला गेला, गोष्टीचा शेवट आपल्याला मिळतच नाही, आणि घरी येऊन सांगावं तर घरचे म्हणतात जेवताना नको. मग ते सगळं आत साठत राहतं आणि चांगल्या चांगल्या मुली पाच-सहा वर्षांत कॅज्युअल्टी सोडून ओपीडीत बदली मागतात. जिला न सांगता कळेल अशी एक जण ओळखीत असली की फरक पडतो, खूप पडतो.

मग ईएनएचं काय? माझं स्पष्ट मत, आधी टीएनएआय. ईएनएची मेंबरशिप परदेशातल्या नर्सला पण घेता येते, त्यात जर्नल ऑफ इमर्जन्सी नर्सिंग मिळतं, ऑनलाइन शिकायचं पुष्कळ असतं, टीएनसीसी हा त्यांचा ट्रॉमाचा दोन दिवसांचा कोर्स जगभर नावाजलेला आहे, लहान मुलांसाठीचा ईएनपीसी पण. पण ती दर वर्षी भरायची असते आणि डॉलरमध्ये, तेव्हा भरण्याआधी स्वतःला विचार, आठवड्यातून एक लेख वाचीन का मी? इंग्रजीची भीती असेल तर बॅचमेट बरोबर फोनवर वाच, मेडिकल इंग्रजी आपल्याला वाटतं त्यापेक्षा सोपं असतं, शब्द सगळे ओळखीचेच. वाचणार असशील तर घे, पैसे वसूल आहेत. नुसतं बायोडेटात लिहायला घेणार असशील तर थांब. आणि ईएसआयचं हँडबुक, त्यांच्या भूमिकांचे कागद, हे बघायला आधी मेंबर व्हावंच लागतं असं नाही, वेबसाइट उघडून बघ आणि मग ठरव.

आखाताबद्दल एक गैरसमज काढते, कारण तुझ्या बॅचमेटमुळे तो येणार. कुठल्याही असोसिएशनच्या कार्डावर तिकडची नोकरी किंवा लायसन्स मिळत नाही. तिथे डेटाफ्लोचं व्हेरिफिकेशन (कागदपत्रांची तपासणी), प्रोमेट्रिकची लायसन्सची परीक्षा, अनुभवाचे दाखले, बीएलएस-एसीएलएस (जीव वाचवायचे कोर्स), हे बघतात. आणि ते कोर्सचे, अमेरिकन हार्ट असोसिएशनचे कार्ड दोनच वर्षं चालतात, तारीख बघून ठेव. इंटरव्ह्यूत असोसिएशनचा उपयोग होतो तो असा की कॉन्फरन्समध्ये तू पोस्टर मांडलंस, ट्रायेजवर क्लास घेतलास, हे सांगता येतं, आणि तसं सांगणारे कमीच असतात.

सावध कुठे राहायचं ते पण ऐक. व्हॉट्सअॅपवर रोज नवी "इंटरनॅशनल" असोसिएशन उगवते, इतके रुपये भरा, अवॉर्ड घ्या, सर्टिफिकेट घरपोच. त्या वाटेला जाऊ नकोस. संस्थेचा रजिस्ट्रेशन नंबर विचार, निवडणूक होते का विचार, हिशोब मेंबरांना दाखवतात का, जर्नल किंवा निदान नियमित कार्यक्रम आहे का, आणि सीएनईचे तास कौन्सिल धरते का. यातलं एक जरी विचारलं आणि समोरचा चिडला तर तिथून निघ. आणि हेही खरं की चांगल्या संस्थेची शाखा सुद्धा काही ठिकाणी झोपलेली असते, वर्षातून एकदा १२ मे ला, नर्सेस डे ला, दिवा लावला की झालं. तशी असेल तर दोघी-तिघी मिळून सेक्रेटरींना पत्र द्या की आम्हाला इमर्जन्सीवर क्लास हवाय, जागा आम्ही बघतो. मागणारं कोणी नसतं म्हणून पण होत नाही कितीदा.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. घर चालवणाऱ्या बाईला दर रुपयाचा हिशोब लागतो आणि प्रायव्हेटच्या पगारात तो लागायलाच हवा. आरडी बंद करू नकोस. टीएनएआयचे पैसे एकदाच जातात, ते दिवाळीच्या बोनसमधून काढ किंवा एक्स्ट्रा नाइटच्या पैशातून, आणि त्यांना समोर बसवून त्या मुलाची गोष्ट सांग. पूर्ण सांग, तो गप्प होता, कोणी बघत नव्हतं, त्यांच्या सुनेने बघितलं. मला नाही वाटत मग त्या पैशावर बोलतील.

या आठवड्यात कर काय ते सांगते. गुजरात नर्सिंग कौन्सिलचं तुझं रजिस्ट्रेशन कधी संपतंय ते बघ, संपत आलं असेल तर आधी ते रिन्यू कर, कारण असोसिएशनच्या फॉर्मला त्याची कॉपी लागते. मार्कशीट, फोटो, आधार, सगळं एका फाइलमध्ये ठेव. फी टीएनएआयच्या साइटवर बघ, ओळखीतल्या कोणाच्या हातात रोख देऊ नकोस, पावती येईल अशाच रस्त्याने भर. ट्रायेजचा एक पानाचा चार्ट काढून इन-चार्जना दे आणि म्हण की आरएमओ आणि मेडिकल सुपरिटेंडंटनी सही केली तर आपण दारात लावू, सही नसलेला चार्ट लावू नकोस, तो कोणी मानणार नाही आणि उलट तुझ्यावरच येईल. आणि त्या मुलाला जिथे पाठवलं तिथल्या इमर्जन्सीला एक फोन कर, तुमच्या रेफरल बुकात नंबर असेलच, सांग की मी पाठवणारी सिस्टर, नोंदीसाठी विचारतेय, पेशंट कसा आहे. जेवढं सांगता येईल तेवढं सांगतील, आणि जी सिस्टर फोन उचलेल तिचं नाव लिहून घे, तीपण आपल्यातलीच आहे, पुढच्या मीटिंगला तिला पण बोलव.